भिंगरीताईंचा परिच्छेद

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तळमजल्यावर, झेरॉक्सच्या यंत्राला लागून एक लांबट खोली होती. दारावर पाटी होती, 'लेखन साहाय्य कक्ष'. विद्यार्थ्यांनी निबंध, अहवाल, अर्ज, काय अडलं असेल ते घेऊन यायचं, अर्धा तास बसायचं आणि मार्ग काढून जायचं. तिथे मदतीला बसणाऱ्या बाईंना सगळे भिंगरीताई म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणायचे, पुढे तोंडावरही म्हणायला लागले. बाईंनी ते नाव मुकाट्याने स्वीकारलं, कारण ते खोटं नव्हतं. पायाला भिंगरी लागल्यासारख्या त्या सतत उठबस करायच्या. मुलगा वाचायला लागला की या खिडकीशी. मुलगी बोलायला लागली की या पंख्याच्या बटणाशी. अर्ध्या तासात खुर्ची अर्धीच वापरली जायची.

याला कारण होतं. भिंगरीताईंनी एका वर्तमानपत्रात एकतीस वर्षं मुद्रितशोधकाचं काम केलं होतं. छपाईला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका हेरायच्या आणि यंत्र सुरू व्हायच्या आत दुरुस्त करायच्या. तिथे विचार करायला वेळ नसे. डोळ्याला खुपलं की पेन चाललंच पाहिजे. मग एक दिवस तो विभागच बंद झाला. ताई घरी बसल्या, म्हणजे बसल्या नाहीतच. चार महिन्यांत त्यांनी सगळी कपाटं तीनदा लावली. यजमान शिंपी, पुढच्या खोलीत त्यांचं मशीन. ताईंनी त्यांच्या रिळांची रंगांनुसार मांडणी केली तेव्हा मात्र ते म्हणाले, "अगं, मी तुझ्या पाया पडतो. कुठेतरी कामाला जा."

म्हणून त्या इथे आल्या. कक्षाच्या प्रमुख त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "ताई, इथे एकच नियम आहे. पेन विद्यार्थ्याच्या हातात. आपण फक्त विचारायचं."

"आणि चूक समोर दिसली तर?"

"तर ती त्याला दिसेल असं विचारायचं."

ताईंनी मान डोलावली, पण बोटं शिवशिवत राहिली.

या कक्षाचंच आणखी एक काम होतं, बुधवारची बैठक. वरच्या मजल्यावरच्या लांब टेबलाभोवती ज्याला यायचं त्याने यायचं, चाळीस मिनिटं गुपचूप आपलं लिहायचं, मग वाटलं तर वाचून दाखवायचं. वसतिगृहात नव्याने आलेली, कुणाशी ओळख नसलेली मुलं लिहिण्यापेक्षा सोबतीलाच यायची. ताईंना ही बैठक म्हणजे शिक्षा वाटे. चाळीस मिनिटं कुणी बोलायचं नाही, कुणाच्या कागदात बघायचं नाही. त्या खिडक्यांचे पडदे सारखे करत वेळ काढायच्या.

त्या सोमवारी चार वाजून दहा मिनिटांनी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी धापा टाकत आत आली. निबंध पाचच्या आत पाठवायचा होता. विषय होता, आपल्या घरातल्या एका माणसाचं काम. मुलीचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. तिच्या लॅपटॉपवर पहिलं वाक्य होतं, 'लिफ्ट हे आधुनिक जीवनाचे अविभाज्य अंग आहे.'

"हे तुझे बाबा म्हणतात?" ताईंनी विचारलं.

"नाही. निबंधात असं लिहितात ना."

"बाबा काय करतात ते सांग मला. लिहू नकोस, सांग."

मुलगी सांगायला लागली आणि ताई चक्क खुर्चीत टेकल्या. लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभं राहायचं. भोवती विहिरीसारखा अंधार. दोन्ही हात कामात, म्हणून टॉर्च दातांत धरायची. शर्टाला ग्रीसचा असा वास की आई त्यांचे कपडे वेगळे धुते. बारा वर्षांची असताना ती एकदा त्यांच्याबरोबर गेली होती आणि दाराच्या फटीतून तिने त्यांना पाहिलं होतं.

"तेव्हा त्यांना काय वाटत असेल?"

"काय माहीत. बाबा फारसं बोलतच नाहीत."

चार पस्तीस झाले होते. इतका जिवंत मजकूर आणि कागदावर ते अविभाज्य अंग! ताईंच्या अंगात जुनं छापखान्यातलं वारं शिरलं. "आण इकडे," म्हणत त्यांनी लॅपटॉप ओढून घेतला. मुलीने मघाचंच पुन्हा भराभर सांगितलं, ताईंनी टाइप केलं, आणि मधोमध एक परिच्छेद मात्र पूर्णपणे त्यांनी स्वतःच्या मनाने लिहिला. नऊ वाक्यं. 'त्या अंधारात बाबा घाबरत. पण ती भीती ते डब्याचं झाकण लावावं तशी बंद करून घरी आणत आणि आम्हाला कधी दिसू देत नसत,' अशा धर्तीची.

मुलीने वाचलं. "छान आहे," ती म्हणाली, पण जरा थांबून. ते थांबणं ताईंना ऐकू आलं, तरी त्या म्हणाल्या, "पाठव, पाठव, वेळ होतोय."

तीन आठवड्यांनी मुलगी पुन्हा आली. या वेळी बसली नाही.

"माझा निबंध निवडलाय. येत्या शुक्रवारी विभागाच्या मेळाव्यात वाचायचाय. पालकांना बोलावलंय."

"अगं, मग हे तोंड कशाला पाडलंयस?"

"सर फक्त त्याच परिच्छेदाबद्दल बोलत होते. तो तुमचा आहे." तिने दप्तराचा पट्टा मुठीत पिळला. "आणि बाबा येणार आहेत. अर्धा दिवस सुट्टी घेतलीय त्यांनी. ते घाबरतात असं मी भर सभेत वाचायचं? मला तर माहीतही नाही ते घाबरतात का. तुम्हाला कसं माहीत?"

मुलगी गेली आणि भिंगरी खऱ्या अर्थाने सुटली. ताई ग्रंथालयाचे चार जिने दोनदा चढल्या-उतरल्या. बसमधून एक थांबा आधीच उतरल्या आणि चालत निघाल्या, तर स्वतःच्या गल्लीच्या पुढे गेल्या. वाटेत औषधाच्या दुकानावरच्या पाटीतली वेलांटी चुकलेली दिसली. एरवी त्या आत जाऊन दुकानदाराला सांगत. आज त्यांना वाटलं, आपण कोण सांगणार?

घरी यजमान एका कोटाची बाही उसवत होते. ताईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, मग खोलीला दोन फेऱ्या मारल्या.

"चांगलं लिहिलं होतंस का?" त्यांनी विचारलं.

"फार चांगलं. तीच तर पंचाईत आहे."

"मग झालंय असं," ते बाहीवरून नजर न उचलता म्हणाले. "कापड त्या पोरीचं, माप तिच्या बापाचं, आणि शिवलंस तुझ्या अंगाचं."

ताई तिथेच मशीनशेजारच्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "अहो, पण नोकरी गेली तर?"

"तर माझ्या रिळांचं काही खरं नाही," ते म्हणाले आणि दोघंही हसले. ताईंचं हसू मात्र फार टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंनी आधी मुलीला गाठलं. सरांना खरं सांगितलं तर तिचेही गुण जातील, म्हणून तिला न विचारता पाऊल उचलायचं नव्हतं. एकदा न विचारता लिहून झालं होतं, तेवढं पुरे होतं. मुलगी चपलेने फरशी घासत उभी राहिली. मग म्हणाली, "मीही येते. निबंध पाठवला तर मीच ना."

कक्षप्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती वाक्यं?"

"नऊ."

"मोजलीत?"

"पाठ आहेत."

प्रमुखांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच ताईंना जास्त लागलं. तिघी मिळून प्राध्यापकांकडे गेल्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तो परिच्छेद मी दोन सहकाऱ्यांना वाचून दाखवला," ते म्हणाले, जणू त्यांचीच फसगत झाली होती, आणि झालीच होती. मग निकाल लागला. निबंधाचे गुण कमी होणार. परिच्छेद वगळायचा. गुरुवारपर्यंत मुलीने त्या जागी स्वतःचं काही लिहिलं तर वाचायचं की नाही ते ठरवू. आणि ताईंनी सत्र संपेपर्यंत एकट्या विद्यार्थ्याबरोबर बसायचं नाही. त्यांच्याकडे फक्त बुधवारची बैठक.

"मला तिथेच नेमकं बसवत नाही हो," ताई बाहेर आल्यावर म्हणाल्या.

"माहीत आहे," प्रमुख म्हणाल्या.

बुधवारी टेबलाभोवती अकरा जण होते. मुलगी कोपऱ्यात बसून लिहीत होती, खोडत होती. ताई तिच्या समोर. हात कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून त्यांनी ते मांडीखाली घेतले. चाळीस मिनिटं त्या उठल्या नाहीत. त्यांचे पाय मात्र टेबलाखाली चालतच होते.

वाचायची वेळ आली तेव्हा मुलगी सगळ्यांत शेवटी उभी राहिली. "मी बाबांना विचारलं," ती म्हणाली, "टपावर उभं असताना काय वाटतं. ते म्हणाले, काही नाही. मी म्हटलं, भीती? ते म्हणाले, भीती कसली, खाली माणसं खोळंबलीत हेच डोक्यात असतं आणि वरून कुणीतरी सारखं बटण दाबत असतं त्याचा वैताग येतो." टेबलावर हशा पिकला. मुलीने पुढचं वाचलं. एका वाक्यात 'आणि' तीनदा आला होता. ताईंचा उजवा हात मांडीखालून सुटायला बघत होता. त्यांनी त्याच्यावर आणखी भार दिला.

"काही विचारायचंय कुणाला?" मुलीने विचारलं. ती ताईंकडे बघत नव्हती.

ताईंनी घसा साफ केला. "ती टॉर्च. दातांत धरतात म्हणालीस. दात दुखत नाहीत त्यांचे?"

मुलगी फोन घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. "बाबा, कामात आहात का? ... नाही, काही झालं नाही. टॉर्चने तुमचे दात दुखतात का?" मग बराच वेळ ती फक्त "हं, हं" करत राहिली. परत आली तेव्हा डोळे मोठे झाले होते.

"डावीकडची दाढ त्यानेच गेली. मी चौथीत असताना. आम्हाला सांगितलं होतं, किडली." ती खाली बसली आणि कुणाची वाट न बघता लिहायला लागली.

शुक्रवारी तिने वाचलं. सरांनी गुण वाढवले नाहीत, पण वाचणाऱ्यांत तिचा क्रम चौथा ठेवला. वडील इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या काठावर बसले होते, कुणी हाक मारताच उठून जावं लागेल अशा बेताने. दाढेचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी गालाला हात लावला आणि शेजारच्या अनोळखी माणसाकडे बघून हसले. कार्यक्रम संपल्यावर मुलीने त्यांना ताईंपाशी आणलं. "बाबा, मी सांगितलं होतं ना, त्या ताई."

ताईंनी माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवून ठेवली होती. त्या तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "ताई, तुमच्या इथली लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर घासतेय. आवाज येतो. आजच कुणाला तरी सांगा."

"सांगते," ताई म्हणाल्या, आणि तशाच जिन्याकडे निघाल्या.

पुढच्या सत्रात त्यांना त्यांचं टेबल परत मिळालं. बुधवारची बैठकही त्यांनी सोडली नाही. लिफ्टवाल्यांची मुलगी तिथे अजून येते, आता वडिलांच्या कामावरच्या जोडीदारांबद्दल लिहिते आणि ताईंना अजून वाचायला देत नाही. फक्त वाचून दाखवते. ताईंची भिंगरी काही थांबलेली नाही. मागच्याच आठवड्यात एका मुलाने वैतागून विचारलं, "ताई, तुम्ही बसणार का जरा?"

"तू लिही," त्या खिडकीजवळून म्हणाल्या. "मी बसले तर माझा हात तुझ्या कागदावर येईल."