जड झालेलं हँडल

सर्जापूर रोडवरच्या त्या शाळेत मला कायम करायचं की नाही, हे एका तासावर ठरणार होतं. आठवीचा वर्ग, विषय वीजनिर्मिती. मागच्या बाकावर प्रिन्सिपल मॅडम.

"वीज कुठून येते?" मी विचारलं.

"डीजीमधून, मिस." डीजी म्हणजे त्यांच्या सोसायटीचा जनरेटर. कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं.

पुढची वाक्यं मी पाठ केली होती. ती आली नाहीत. मी हाताने फिरवायचा डायनॅमो टेबलावर ठेवला, एलईडी जोडला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला खूण केली. तिने सहज फिरवला, एलईडी पांढरा उजळला. मग मी एलईडी काढून टॉर्चचा जुना, तारेचा बल्ब लावला.

"मिस, अडकलं!"

"अडकलं नाही. फिरव."

तिने दोन्ही हात लावले. बल्ब जेमतेम तांबूस झाला.

"भुक्कड आहे हा, किती खातो!" मागून एकजण म्हणाला. "तुझ्यासारखा," दुसरा.

मग रांगच लागली. एकाने बल्बला बोट लावून झटकन मागे घेतलं. "तापलाय! म्हणजे आपण एवढा वेळ हा गरम करत होतो?"

मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. तास संपला.

केबिनमध्ये मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सगळं मुलांनीच केलं. तुम्ही शिकवलंत कधी?"

ते हँडल किती जड होतं हे सांगून कळत नाही, असं उत्तर माझ्याकडे होतं. मी फक्त "येस मॅम" म्हटलं. पुढच्या वर्षी वर्ग दुसरे सर घेतील, मी लॅब असिस्टंट म्हणून राहू शकते, असं त्यांनी सांगितलं. मी मान डोलावली. मला वाईट वाटेल, याची थोडी वाट पाहिली. काहीच वाटलं नाही.

लॅब झाडणाऱ्या अक्का बेळगावच्या. परराज्यातल्या या शाळेत माझ्याशी मराठी बोलणाऱ्या त्या एकट्याच.

"काय म्हणाल्या गं मॅडम?"

"लॅबमध्ये राहायचं. वर्ग नाही."

"आणि तू?"

"हो म्हटलं."

"हो काय हो! स्वल्प तरी भांडायचं नव्हतं काय? तोंड दिलंय की देवानं."

मी वायरी गुंडाळत होते. "लॅब किती वाजता उघडता, अक्का?"

"साडेसातला."

"मग मला आधीची बस धरावी लागेल," मी म्हणाले.