आमच्या साडूंची अमावास्या

नाशिक शहरात रोज संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागले की ज्याला वाईट वाटतं असा एकच माणूस आहे, आणि ते आमचे साडू आहेत. चोरांनाही वाटत असेल, पण चोरांशी माझा परिचय नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी काही सांगू शकत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या ताईचे यजमान. अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहेत. दिवसभर लोखंडी भागांची जाडी मोजतात आणि केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवतात. मी सातपूरला स्टोअरमध्ये आहे. दोघांनाही मोजायची सवय, त्यामुळे आमचं जमतं. ते आकाश मोजतात आणि मी त्यांनी काय मोजलं ते मोजतो.

त्यांचं काम सांगायला सोपं आहे. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा, ध्रुवाकडे तोंड करायचं आणि तीस-तीस सेकंदांचे फोटो एकामागून एक काढत राहायचं. दोन फोटोंमध्ये एक सेकंद. म्हणजे तासाला एकशे सोळा फोटो. घरी आल्यावर संगणकात ते सगळे एकावर एक रचायचे. रचताना प्रत्येक फोटोतला उजेड तेवढा वर येतो, आणि एका फोटोत ठिपका असलेली चांदणी सरकत सरकत रेघ होते. तासाला पंधरा अंश. शेवटी आकाशभर कंसच कंस उमटतात, एकात एक बसवलेले, आणि त्यांच्या मधोमध ध्रुव. आमच्या सासूबाईंनी असं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ निरखून म्हणाल्या, "हे सोऱ्यातून पाडल्यासारखं दिसतंय. चकली मात्र एकदाही तुटलेली नाही." साडूंना आजवर मिळालेली ही सर्वांत मोठी पावती आहे. कारण रेघ तुटू न देणं हाच सगळा खेळ आहे. मध्येच चार फोटो कमी झाले की प्रत्येक चांदणीच्या रेघेत त्याच जागी खाच पडते.

चंद्र असला की चांदण्या फिक्या पडतात, म्हणून त्यांचं सगळं आयुष्य अमावास्येभोवती फिरतं. बाकीचं जग ज्या दिवशी काही सुरू करत नाही त्याच दिवशी हे सुरू होतात. त्यांनी गाडीसुद्धा अमावास्येला घरी आणली. शोरूममध्ये त्या दिवशी गिऱ्हाईक म्हणून हे एकटेच होते. तिथल्या मुलीने तीनदा विचारलं, "सर, उद्याची डिलिव्हरी देऊ का?" साडू म्हणाले, "उद्या प्रतिपदा. मला आज रात्री जायचंय." वर्षातल्या बारा-तेरा अमावास्यांपैकी चार पावसात जातात. एक दिवाळीत जाते, आणि त्या रात्री तर धुरामुळे शेजारची इमारत दिसत नाही. उरलेल्यांपैकी ढग, रात्रपाळी आणि पाहुणे मिळून आणखी तीन-चार नेतात. हाती लागतात फार तर चार. हा हिशेब मी एकदा त्यांना मांडून दाखवला. ते म्हणाले, "साडेतीन धरा. अर्ध्या रात्री दव पडतं."

दवाचा त्यांना फार राग. थंडीत पहाटे भिंगावर दव बसलं की पुढचे सगळे फोटो दुधाळ येतात. यावर बाजारात गरम राहणारे पट्टे मिळतात, पण साडूंनी स्वतःचा उपाय काढला. तव्यावर जाडं मीठ गरम करायचं, जुन्या पायमोज्यात भरायचं आणि तो मोजा भिंगाभोवती गुंडाळायचा. दुखऱ्या कानाला शेक द्यावा तसा ते कॅमेऱ्याला शेक देतात. दर दीड तासाला मीठ बदलायचं. ताईंच्या घरात एकाही मोज्याला जोडीदार उरलेला नाही, आणि एकदा तेच मीठ डब्यात परत गेल्यामुळे आमटीला लोकरीचा वास आला होता, असं ताई म्हणतात. साडूंच्या मते तो हिंगाचा होता.

विमानांशीही त्यांचं वैर आहे. फोटोतून विमान गेलं की कंसांना छेदून सरळ रेघ येते. ती ते प्रत्येक फोटोत शिरून हाताने पुसतात. एका रात्रीची अकरा विमानं पुसायला त्यांना पाच रविवार लागले. सोसायटीच्या गच्चीवरचा दिवा तर त्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्याने कधीच झाकून टाकलाय. सेक्रेटरी विचारायला आले तेव्हा म्हणाले, "दिवा बंद केलेला नाही. चालूच आहे. डबा काढून बघा."

एवढा मोठा कॅमेरा असलेला माणूस घरात आहे म्हटल्यावर माझ्या पुतणीच्या बारशाला फोटो काढायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी आधी ट्यूबलाइट घालवली, समयीच्या उजेडात कॅमेरा तिपाईवर लावला आणि एकेक फोटो आठ-आठ सेकंद घेतला. फोटो आले तेव्हा पंचेचाळीस माणसांपैकी दोघंच ओळखू येत होती. आत्याच्या मांडीवर झोपलेलं बाळ, आणि शेजारी बसल्या बसल्या डुलकी लागलेल्या आमच्या सासूबाई. बाकी सगळी धुक्यासारखी. माझी बायको म्हणाली, "दाजी, आत्याला तोंडच नाहीये." दाजी म्हणाले, "तिने बोलायला नको होतं."

त्यांच्या स्वतःच्या लग्नातही असंच झालेलं. गुरुजींनी नवऱ्यामुलीला ध्रुव दाखवायला आकाशाकडे बोट केलं. साडू म्हणाले, "गुरुजी, तो अभिजित तारा. ध्रुव मांडवाच्या खांबामागे आहे." मग नवरा-नवरी दोघं खुर्चीवर चढून, खांबाच्या पलीकडे वाकून ध्रुव बघून खाली उतरली. पुढे बऱ्याच वर्षांनी साडूंनी पहिलं मोठं चित्र केलं तेव्हा त्यात ध्रुवाचीही एक छोटीशी, तांदळाएवढी रेघ आली. तोही जरा फिरतो, हे त्यांनी ताईंना मोठ्या आनंदाने दाखवलं. ताई म्हणाल्या, "हे लग्नाआधी सांगायला हवं होतंत."

इतकं सगळं करून त्यांची एकच इच्छा राहिलेली होती. एक अख्खी रात्र. अंधार पडल्यापासून फटफटेपर्यंत सलग दहा तास, एक हजार एकशे साठ फोटो, दीडशे अंशांचे कंस, एकही खाच नाही. आणि तीही त्यांच्या काकींच्या अंगणातून. पेठच्या पुढे आडरस्त्याला त्यांचं मूळ गाव आहे. तिथे त्यांच्या चुलत्यांमागे काकी एकट्याच राहतात. घराचं तोंड उत्तरेला, समोर दोन डोंगर आणि त्यांच्या मध्ये खिंड. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम वीस अंश वर असतो, आणि त्या अंगणातून पाहिलं तर तो बरोबर त्या खिंडीवर येतो. लहानपणी आई गेल्यावर साडू दोन वर्षं त्याच अंगणात काकींजवळ झोपत. हे मला ताईंकडून कळलं. ते स्वतः एवढंच सांगतात की तिथली उत्तर चांगली आहे.

तीन हिवाळ्यांत तीन प्रयत्न झाले. पहिल्यात मीठ थंड झालं, दुसऱ्यात बॅटरी संपली, तिसऱ्यात पहाटे चारला ढग आले. गेल्या हिवाळ्यात चौथ्यांदा जायचं ठरलं तेव्हा काकींचा फोन आला की चौकात हायमास्टचा खांब उभा राहिलाय आणि आठवड्याभरात दिवे लागणार आहेत. चौक म्हणजे अंगणापासून वीस पावलं, तोही उत्तरेला, म्हणजे अंगण आणि खिंड यांच्या अगदी मध्ये. हायमास्ट लागला की त्या अंगणातून चांदण्या दिसणं संपलं. अमावास्या तीन दिवसांवर होती. साडूंनी कारखान्यात रजा टाकली. मी फोटो मोजायला बरोबर गेलो.

संध्याकाळी तिपाई मांडत होतो तेव्हा सरपंच आले. गप्पिष्ट माणूस. खांबाकडे हात करून मला म्हणाले, "तीन अर्ज केले व्हते पाव्हणं, कोणी बघंना. दोन पावसाळ्यांत दोघांना पान लागलं हितं चौकात, अंधारात साप दिसलाच नाय. मग ह्या भाऊंनी रातचा चौकाचा फोटू काढून दिला. तो जोडला अर्जाला. सायब म्हणं, अहो, हा फोटू नुसता काळाच हाय. मी म्हटलं, सायब, तेच तर सांगून ऱ्हायलोय."

सरपंच हसत हसत गेले. मी साडूंकडे पाहिलं. ते मोजा गुंडाळत होते.

"तुम्ही दिलात फोटो?"

"हो."

"दिवे लागल्यावर काय होणार ते कळलं नव्हतं?"

"वीस पावलं आहेत, साडू. कळायला काय मोजपट्टी लागते?" मग मोज्याला गाठ मारत म्हणाले, "काकी इथे तीनशे पासष्ट रात्री असते. मी चार."

मी मनात हिशेब केला. आकडा बरोबर होता.

सातला पहिला फोटो निघाला. गाव लवकर निजलं. आम्ही दोघं घोंगडीवर बसून होतो, दर दीड तासाने साडू चुलीकडे जाऊन मीठ गरम करून आणत होते, आणि मी कॅमेऱ्याचे खटके बोटांवर मोजत होतो. बाराला पाचशे ऐंशी. आकाश इतकं स्वच्छ होतं की मला बोलायची भीती वाटत होती. दोनला आठशे बारा. साडू पहिल्यांदाच म्हणाले, "आज होईल."

अडीचच्या सुमाराला घराच्या भिंतीला हात घासल्याचा आवाज आला. कोणीतरी चाचपडत पुढे सरकत होतं.

"कोण?" साडूंनी विचारलं.

"मी हाय. बस तू."

"कुठं निघालीस?"

"गाय अडलीय वाटतं. आवाज येतोय तिचा."

"मग बॅटरी कुठाय तुझी?"

"हाय कनवटीला. नाय लावत. तुझा फोटू नासंल."

साडू उठले. मला वाटलं, ते आपला लाल दिवा घेतील. तो मंद असतो, त्याने फार बिघडत नाही. त्यांनी काकींच्या कनवटीची बॅटरी घेतली, लावली, आणि कॅमेऱ्याच्या समोरून, अंगण आडवं कापत, काकींचा दंड धरून त्यांना गोठ्यापर्यंत नेलं. मग गोठ्यातला बल्ब लागला. अंगण दिवाळीसारखं उजळलं. कॅमेरा आपला खटके देतच होता. मी मोजत राहिलो, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना. आतून काकींचा आवाज येत होता, "वढ, हळू वढ. मशीनचं काम नाय हे तुझ्या." चाळीस मिनिटं बल्ब चालू होता. सत्त्याहत्तर फोटो. म्हणजे काढून टाकले तर प्रत्येक कंसात दहा अंशांची खाच.

साडू परत आले तेव्हा त्यांचा शर्ट कोपरांपर्यंत भिजला होता. "कालवड," एवढंच म्हणाले, आणि मीठ थंड झालंय का ते बघायला कॅमेऱ्याकडे गेले. पहाटे पाचला एक हजार एकशे साठावा फोटो निघाला.

गोठ्याचा उजेड संगणकात झाकून टाकता आला असता. विमानं पुसणाऱ्या माणसाला ते अवघड नव्हतं. पाच रविवार लागले असते फार तर. मी तसं सुचवलंही. त्यांनी एकही फोटो काढून टाकला नाही आणि काही पुसलंही नाही. चित्र त्यांच्या दिवाणखान्यात आहे. वर दीडशे अंशांचे कंस, सलग. मध्ये दिवा नसलेला उंच खांब. आणि खाली दारापासून गोठ्यापर्यंत एक पिवळी, वेडीवाकडी, दोन ठिकाणी अडखळलेली रेघ. येणारा प्रत्येक जण आधी त्या रेघेबद्दल विचारतो. साडू सांगतात, "ती काकी." काकी त्यात दिसत नाहीत, त्या हलत होत्या.

त्यानंतर चार दिवसांनी हायमास्ट लागला. साडू आता अमावास्येला दुसरीकडे कुठे कुठे जातात, पण उत्तर तशी सापडत नाही म्हणतात. गावी जातात ते दिवसा, आणि अंधार पडायच्या आत निघतात.

परवा मी त्यांच्याकडे बसलो असताना काकींचा फोन आला. त्या मोठ्याने बोलतात, मलाही ऐकू येत होतं.

"चौकातली लाइट गेलीय रं. काय जळालंय म्हणं. दुपारी माणूस येऊन बघून गेला, सामान उद्या आणतो म्हणाला. आज अंधार हाय बघ. ढग बी नाय. येतोस का फोटूला?"

साडूंनी खिडकीतून पाहिलं. समोरच्या इमारतीवर चंद्र आला होता, ताटाएवढा.

"काकी, आज पौर्णिमा आहे गं. चांदण्या नाही यायच्या."



"मग नुसता ये," त्या म्हणाल्या. "भाकरी टाकते."

साडूंनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. सव्वासात झाले होते. तिथे पोचायला दोन तास. पायात चपला घालून ते जिना उतरले आणि मी त्यांच्या मागे. तिपाई कोपऱ्यातच राहिली. गाडी पेठ रस्त्याला लागल्यावर मी आठवण करून द्यावी म्हणून म्हणालो, कॅमेरा घरी राहिला. ते म्हणाले, "माहीत आहे."