तहानलेल्या उसाची राखण

सातवीनंतर शाळा सुटली. मिळेल ती कामं करत मोठा झालो आणि जालन्याकडचं घर सोडून मी इतक्या लांब, कंग्राळीच्या शिवारात, उसाची राखण करायला आलो. काम ऐकून हसूच आलं होतं. उसाला पाणी लागू द्यायचं नाही!

संशोधन करणाऱ्या मॅडमनी मला समजेल असं सांगितलं होतं. पाणी तुटलं की काही जातींच्या उसात ठरावीक जनुकं जागी होतात. ती पानात साखर धरून ठेवतात आणि त्या साखरेच्या बळावर पान तग धरतं. कोणत्या जातीत ती जागी झालीत, हे बघायला पानं कापून न्यायची. पण त्याआधी मुळांना पाणी पोचलं, तर ती पुन्हा गप्प. सगळा उन्हाळा वाया. माझ्या मनात त्याच्या पुढचं यायचं: मग मला कशाला ठेवतील? शिक्षण न विचारता काम देणारी माणसं पुन्हा कुठं भेटणार?

पानं कापायच्या सकाळी मॅडम वाटेत होत्या. शेजारचे आप्पा आपल्या उसाला पाणी पाजत होते. इथली रीत अशी, की आपलं रान भिजलं आणि वीज अजून असली, तर उरलेलं पाणी शेजाऱ्याच्या वाळत्या पिकात सोडायचं. विचारायचंसुद्धा नाही. मला हे ठाऊक नव्हतं. पाट आमच्याकडं वळलेला दिसला, तसा मी ओरडत सुटलो.

"आप्पा, पाणी थांबवा!"

"का रं? ऊस मराय लागलाय की!"

"मरू द्या! तसाच पाहिजे!"

"येडा हाईस काय? लई दिस बघतोय, बघवंना म्हणून सोडलं!"

मी पाटात गुडघे टेकून हातांनीच चिखल ओढून पाणी अडवायला लागलो. माझं तोंड बघून आप्पांचा राग उतरला. "थांब, मोटर बंद करतो," म्हणत ते पळाले. तोवर कडेचा तुकडा भिजला होता.

मॅडम आल्या तसं मी आधी तेच सांगितलं. त्या सरीसरीतून माती चाचपत गेल्या. मला त्यांच्याकडं बघवेना.

"हा तुकडा गेला," त्या म्हणाल्या. "पण हीच जात अजून दोन ठिकाणी आहे आणि तिथं कोरडं आहे. चला दादा, ऊन चढायच्या आत."

कापलेलं पान, आतलं काही बदलायच्या आत, गार वाफा सोडणाऱ्या भांड्यात टाकून गोठवायचं होतं. चूक माझ्या राखणीत झाली होती, तरी कात्री त्यांनी माझ्याकडंच दिली. ते मी विसरणार नाही.

"पाणी पाजून शिव्या खाल्लेला गावात मी पहिलाच," बांधावरून आप्पा म्हणाले. मी पुढचं पान कापलं. शेवटचं पान आत गेलं, झाकण लागलं.

"आता तरी देऊ?"

"आता द्या, आप्पा," मॅडम म्हणाल्या. "पाणी मिळाल्यावर कोणती जात लवकर सावरते, तेही बघायचंय."

आप्पा मोटरीपाशी पोचले आणि वीज गेली. मी कात्री मॅडमच्या हातात देऊन घागरीनं पाणी आणायला विहिरीकडं पळालो.