तीनच तर हाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही.

पलूसजवळच्या आमच्या गावात मला डॉक्टरआबा म्हणतात. फौजेत असताना मी मिलिटरी हॉस्पिटलात होतो, हे खरं. पण कुठं? स्टोअरमध्ये. चादरी आणि बादल्या वाटायचो. गावानं डॉक्टर केलं आणि मी — मी होऊ दिलं. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

शर्वरी माझ्या धाकट्या भावाची मुलगी. लहानपणापासून डायबेटिस, रोज इन्सुलिन. त्या सकाळी तिला उलट्या होत होत्या, पोटात काही ठरत नव्हतं. भाऊ परगावी. तिची आई सुनीता मीटर घेऊन माझ्याकडं आली. रक्तातलं कीटोन तपासलं होतं. आकडा ३.२. "आबा, ह्ये लय हाय का वो?"

कीटोनचा आकडा मी जन्मात पाहिला नव्हता. साखर दोनशे-तीनशे असते, एवढंच ठाऊक. मग तीन म्हणजे किरकोळच की! मला कळत नाही — एवढं म्हणायला काय जात होतं माझं? पण कट्ट्यावर चार माणसं बसली होती. म्हणालो, "तीनच तर हाय. प्वॉट बिघडलंय. खात न्हाई तर आज सुई दिऊ नगंस."

दुपारी पोरगी धापा टाकायला लागली. सांगलीला आयसीयूत ठेवली. वाचली. डॉक्टर मात्र भडकले — कीटोन तीनच्या वर म्हणजे रक्तात आम्ल साचतंय, तडक दवाखाना गाठायचा, खात नसली तरी इन्सुलिन बंद करायचं नाही, हे माहीत नव्हतं? कुणी बंद केलं?

सुनीतानं एकदाच माझ्याकडं पाहिलं. थोरल्या दिराला चारचौघांत कशी उघडं पाडणार ती? पदर सावरून म्हणाली, "माझंच चुकलं." आणि मी? मी खिडकीबाहेर बघत राहिलो. लाज वाटत होती — तरी बघत राहिलो.

घरी आल्यावर आमच्या आईनं सुनीताच्या हातातून सुयांची पेटी काढून घेतली. आणि दिली कुणाला? — मला.

पेटीतच मीटरचा कागद होता, मराठीत, सगळे आकडे समजावलेले. तो मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. आता पाठ आहे.

चार वर्षं झाली. रोज सकाळी मी शर्वरीला सुई देतो. परवा म्हणाली, "आबा, तुमी व्हता म्हणून मी वाचले."

सुनीता तिथंच भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली. मी सुई पेटीत ठेवून झाकण लावलं.