गुणाबाईची तिसरी खेप

मुखेडजवळच्या आमच्या गावात गुणाबाई अंगणवाडीत मदतनीस आहे. सेविका व्हायला आता बारावी लागते, म्हणून चाळिशीत तिनं बाहेरून फॉर्म भरला आणि दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा नवरा बालाजी शाळेच्या भिंतीवर चढून खिडकीतून चिठ्ठ्या पुरवत होता. आमच्याकडं घरच्यांनी एवढं केलं नाही, तर पाव्हणे नावं ठेवतात!

यंदा वर्गात कॅमेरे बसले, पर्यवेक्षकही परगावचे आले. बालाजी म्हणाला, "यंदा लई कडक हाय. पुढच्या साली बस."

गुणाबाई हॉल तिकीट पिशवीत ठेवत म्हणाली, "मला येत होतं ते खोडून तुमच्या चिठ्ठीतलं लिहिलं, म्हणून दोनदा नापास झाले. यंदा तुम्हाला भिंतीवर चढता येणार न्हाई, म्हणूनच तर बसते."