विलासच्या गाडीचा कार्बोरेटर

विलासची गाडी मी माझ्या हातांनी खोलली. तो समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून बघत होता.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विलास आणि मी भाईंदर वेस्टला एकाच बिल्डिंगमध्ये. तो रत्नागिरीचा, मी रायगडचा. तरुणपणी दोघांनी एकाच मॉडेलची बाइक घेतली होती, एकत्र जाऊन. त्याची काळी, माझी लाल.

पुढे बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी गाड्या बदलल्या. आम्ही नाही.

कंजूषपणा नव्हता तो. "नवीन कधी घेतोयस?" असं कोणी विचारलं की विलास खरंच गोंधळायचा.

"अरे, पण ही चालतेय ना?"

रविवारी सकाळी कंपाउंडमध्ये दोन्ही गाड्या धुवायच्या. चेन साफ, ऑइल, प्लग. मग उत्तनच्या बाजूला एक राउंड. डोंगरी, चौक, कधी तारोडी, तिकडचीच गावं. आरटीओत रजिस्ट्रेशन रिन्यू करायलाही बरोबरच. रांगेत मी वैतागायचो. तो पुढच्या माणसाला त्याच्या गाडीचं ॲव्हरेज विचारत बसायचा.

मग त्याला पॅरालिसिसचा ॲटॅक आला. डावी बाजू गेली.

डावा हात म्हणजे क्लच. डावा पाय म्हणजे गिअर.

हे आमच्यापैकी कोणीच बोललं नाही.

सुलभावहिनी, त्याची बायको, अधूनमधून खाली येऊन गाडीचं कव्हर झटकायच्या, परत नीट घालायच्या. "बरे झाले की लागेलच," म्हणायच्या. फिजिओवाला यायचा. विलासच्या डाव्या हातात बॉल द्यायचा. तो बॉल काही दाबला जायचा नाही. आणि आम्ही सगळे म्हणायचो, "वा, इम्प्रूव्हमेंट आहे हां."

इकडे माझी गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. कार्बोरेटर झिजला होता. मॉडेल कधीच बंद झालेलं, ओरिजिनल पार्ट मिळेना, डुप्लिकेट टिकेना. मेकॅनिक म्हणाला, "अंकल, अब छोड़ दो. नया ले लो."

खरं सांगू? मला बरं वाटलं. मी दमलो होतो. ऑफिस, घर, विलासबरोबर हॉस्पिटलच्या फेऱ्या, आणि वर ही गाडी ढकलत घरी आणायची.

विलासला म्हणालो, "मी नवीन घेतोय."

तो खिडकीकडे बघत राहिला. मग जड जिभेने म्हणाला, "माझा लाव."

"काय?"

"कार्बोरेटर. माझ्या गाडीचा काढ. तुझ्या गाडीला लाव."

"वेडा आहेस का? तुला लागेल तो."

"अन्या, मला नाही लागणार. तुला माहितीये."

वहिनी किचनमधून बाहेर आल्या. हाताला कणीक तशीच. "नको हो भाऊजी. गाडी खाली उभी आहे तोवर ह्यांना उमेद आहे."

"मला नाही. तुला आहे," विलास म्हणाला. चिडून नाही. "सुलू, कंटाळलोय गं मी. बरा होतोय, बरा होतोय असं दाखवून दमलो."

वहिनी आत गेल्या. मला कुठे बघावं कळेना.

थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या त्या त्याच्या चपला घेऊन. खाली बसून त्याच्या पायांत घातल्या. मला म्हणाल्या, "खाली न्या ह्यांना. आणि खुर्ची पण घ्या, उभं राहवणार नाही."

कव्हर मी काढलं. गाडी चकाचक होती. तेच जास्त जड गेलं.

एक बोल्ट निघेना.

"उलटा फिरवतोयस," विलास म्हणाला.

खरंच उलटा फिरवत होतो.

कार्बोरेटर पेट्रोलने धुतला, माझ्या गाडीला बसवला, किका मारल्या. गाडी सुरू झाली. ॲक्सिलरेटर सोडला तरी चालू राहिली. विलास डोळे मिटून ऐकत होता. वहिनी जिन्यात कठडा धरून उभ्या होत्या.

त्यानंतर त्या घरात "इम्प्रूव्हमेंट" हा शब्द कोणी वापरला नाही. फिजिओ चालू राहिला, पण नाटक संपलं. विलास नीट जेवायला लागला. वहिनींशी मिठावरून भांडायला लागला. बऱ्याच महिन्यांनी ते घर घरासारखं वाटलं.

एका रविवारी त्याला चौकला जायचं होतं. तो आणि वहिनी रिक्षात, मी पुढे बाइकवर. मागून त्याचा आवाज येत होता, "भैया, उसको ओवरटेक मत करो!" तिथे होड्यांसमोर बसलो. काय बोललो आठवत नाही.

दुसरा ॲटॅक आला तेव्हा हॉस्पिटलमधून तो परत आला नाही.

मागच्या महिन्यात त्याच्या गाडीचे पेपर कॅन्सल करून उरलेली बॉडी भंगारात दिली. वहिनीच म्हणाल्या, "जाऊ दे आता."

आज सकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. फोटोला हार घातला. चहा झाला. निघताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्यासाठी म्हणून ती गाडी ओढत असाल तर नका ओढू. मी सोडलंय. तुम्ही पण सोडा."

"बघतो," म्हणालो. आणि परत खाली बसलो. त्यांनी आणखी एक कप चहा टाकला. त्यांच्यासमोर पहिल्यांदाच रडलो.

विलास, तुला म्हणून सांगतो. किक मारून मारून माझा गुडघा गेलाय. मुलं रोज मागे लागतात. जमेल तितकी चालवेन, मग एक दिवस मीही सोडेन. तेव्हा रागावू नकोस.

वर्षभर लोक म्हणत होते, सुटला बिचारा. मला ते ऐकवायचं नाही. आज पहिल्यांदा मलाही तसंच वाटलं.

आराम कर, मित्रा.

तुझा अन्या