डाव्या बाजूचा ब्रेक

माझी बायको हिरा गाडीत बसली की ब्रेक दाबायची. गाडी मी चालवायचो, ती डाव्या बाजूला बसायची, आणि पुढे म्हैस, रिक्षा, खड्डा, काहीही दिसलं की तिचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा. असा दाबायची की चपलेच्या टाचेनं मॅटला भोक पडलं होतं.

मी सुरुवातीला चिडायचो. "अगं, तिथे ब्रेक नाही."

"म्हनून तं नुसता पाय दाबते. असता तं तुमाला कशाला त्रास दिला असता?"

चाळीस वर्षं मी स्टिअरिंग धरलं. आधी बंदरावर ट्रेलर चालवला, मग पनवेल स्टेशनबाहेर स्वतःची सात सीटर भाड्याला लावली. परवान्यावर एक डाग नाही, गाडीवर ओरखडा नाही. स्टँडवर मी हे रोज सांगायचो आणि पोरं रोज ऐकायची. हिरा घरी म्हणायची, "निम्मी वर्षां मी बाजूला बसलीय. निम्मा परवाना माजा."

ती उरणकडच्या खाडीकाठची. तिच्या बापाची होडी होती. लग्न होऊन पनवेलला आली आणि सुक्या मासळीचा धंदा सुरू केला. सकाळी मी तिला गाडीतून उरणला न्यायचो, पाट्या मागच्या सीटवर. गाडीला बोंबलाचा वास यायचा. गिऱ्हाईक नाक मुरडायचं तेव्हा मी सांगायचो, समुद्राची हवा आहे, पुढे अलिबागला आणखी येईल.

तिला लिहिता येत नव्हतं. पण कुठल्या पोत्यातली मासळी कुणाच्या घरी गेली हे तिला पक्कं ठाऊक असायचं. जाळ्याच्या दोरीचा एक तुकडा कमरेला खोचलेला असे. पोतं फोडलं की नवी दोरी, आणि त्यातला माल एका घरी दिला की एक गाठ. हे तिच्या आईचं शिक्षण. आई म्हणायची, माल विकला म्हणजे सुटला असं नाही, खाल्ला गेला की सुटला.

एकदा एका पोत्याच्या तळाला ओल लागली होती, ते तिला अर्धं पोतं खपल्यावर कळलं. तिनं ती दोरी घेतली आणि भर दुपारी नवीन पनवेलमध्ये घरोघर फिरली. बेल वाजवायची आणि म्हणायची, "मंगळवारचे बोंबील परत द्या. वायट हायेत." एक बाई म्हणाली, "अहो मावशी, आम्ही खाल्ले. कुणाला काही झालं नाही." हिरानं तिला दुसरे मोजून दिले. "तुमचा पोट चांगला म्हनून माजा माल चांगला व्हत नाय."

शेजारची मासळीवाली हसली. "हिरे, सांगितलं नसतंस तर कुणाला कळलं असतं?"

"माज्या नाकाला."

अशी बाई. हिच्याशी भांडून कुणी जिंकलं नाही, आणि मी तर रोज भांडायचो.

मग तो मे महिना आला. आम्ही भाडं सोडून परत येत होतो. ऊन असं की डांबर टायरला चिकटत होतं. कोन गावच्या फाट्याआधी गाड्या तुंबल्या होत्या, त्यात एसी लावून अर्धा तास उभे राहिलो. रस्ता मोकळा झाला, मी गाडी काढली, पुढे परत लाल दिवे लागले. ब्रेकवर पाय ठेवला आणि पायाला दगड लागला. पेडल खाली जाईच ना. मी सीटवरून उठून दोन्ही पायांनी दाबला, हँडब्रेक ओढला, आणि समोर माणसांनी भरलेली एसटी होती म्हणून गाडी डावीकडे घातली. डावीकडे गजाभाऊचं रसाचं दुकान होतं.

चरक आडवा झाला, ऊस काचेवर आले, टोपलीभर लिंबं रस्त्याला लागली. हिराच्या अंबाड्यात बर्फ होता. गजाभाऊ चरकाखाली सापडला आणि त्याचा पाय नडगीत मोडला.

हिराचा पहिला शब्द काय? "मी दाबला व्हता!"

गाडी ओढून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. चार दिवसांनी टायवाला मॅनेजर म्हणाला, "ब्रेक एकदम ओके आहे. काका, तुमचा पाय चुकून ॲक्सिलरेटरवर गेला असणार. या वयात होतं असं."

माझ्या डोक्यात सणक गेली. "पेडल कडक झालं होतं!"

"आधी कधी झालं होतं का?"

"कधीच नाही," मी म्हटलं.

हिरा माझ्याकडे बघत राहिली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कागदावर 'चालकाची चूक' असं आलं. स्टँडवर माझं नाव रसवाले पडलं. "काय रसवाले, आज बर्फ कमी?" मी हसायचो आणि घरी येऊन जेवायचो नाही. चाळीस वर्षांचं नाव एका दुपारी चरकातून निघालं होतं. वर परिवहनच्या ऑफिसातून बोलावणं आलं. चूक माझीच ठरली तर परवाना जाणार होता.

हिरानं ते दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी मासळी विकायला न जाता स्टँडवर जाऊन बसली, जिथे माझ्यासारख्याच गाडीचे ड्रायव्हर होते. मी आधी विचारून बघितलं होतं, कुणी तोंड उघडलं नव्हतं. गाडीचं नाव खराब झालं तर पुढे ती घेणार कोण? हिरानं गाडीचं नावच काढलं नाही. चहा मागवला, एकेकाला बाजूला घेतलं आणि विचारलं, "दादा, तुमच्या पायाला कंदी दगड लागला काय?"

एक म्हणाला, हो मावशी, एकदा पळस्प्याला. दुसरा म्हणाला, मला वाटलं माझाच पाय झोपला. संध्याकाळी घरी आली तेव्हा दोरीला चार गाठी होत्या. ताटावर बसली आणि माझ्या डोळ्यांसमोर पाचवी मारली.

"ही कुणाची?"

"तुमची."

"माझी तर झालीच की त्या दिवशी."

"त्या दिवशीची नाय. दोन दिस आदीची. खारपाड्याच्या पुलाला रांगेत व्हतो तवाची. तुमी येकदा दाबलात, लागला नाय. तीनदा दाबलात, मंग लागला. मी पन दाबत व्हते, मना ठाव हाय."

खरं होतं. पेडल त्या दिवशी कडक झालं होतं आणि पुढच्या क्षणाला सुटलं. मी म्हटलं, असेल काहीतरी. लग्नसराई होती, पाठोपाठ भाडी होती. गाडी दाखवायला नेली तर दिवस गेला असता.

"हे सांगितलं तर सगळं माझ्यावर येईल," मी ओरडलो. "ते म्हणतील, माहीत होतं तर चालवली कशाला? परवाना जाईल."

"जाव दे."

"तुला काय जातं बोलायला!"

"आवो, सडका मासा पाटीत कुनी घातला तो त्याचा पाप. पन तुमाला वास आला व्हता, आनि तुमी झाकन लावलात. तवरा तुमचा. त्याचा त्याच्या पदरात, तुमचा तुमच्या."

मी ताट सरकवून उठलो. सकाळी तिनं नेहमीसारखा चहा पुढे केला आणि म्हणाली, "चला. आज त्यांचा मोठा सायेब येनार हाय." ही माहिती तिनं सर्व्हिस सेंटरच्या झाडूवालीकडून काढली होती.

मोठा साहेब म्हणजे एक पोरगी निघाली, कंपनीची इंजिनिअर, हाताला ग्रीस. मॅनेजर आधीच सांगत होता, चालकाची चूक, केस बंद. हिरानं ती दोरी काचेच्या टेबलावर ठेवली. "ह्या चार गाठी दुसऱ्या ड्रायवरांच्या, पाचवी आमची." मॅनेजर तिच्याकडे मेलेला उंदीर ठेवल्यासारखा बघत होता. मग हिरानं माझ्याकडे बघितलं.

मी बोललो. "मॅडम, मी खोटं सांगितलं. आधी एकदा झालं होतं. दोन दिवस आधी. मी दुर्लक्ष केलं."

मॅनेजर खूश झाला. "बघा! स्वतःच कबूल करतायत."

पोरीनं त्याला हातानं गप्प केलं. "काका, तेव्हा गाडी किती वेळ उभी होती?"

"वीस-पंचवीस मिनिटं. उन्हात."

"एसी?"

"चालू."

"आणि बाकीच्या चौघांचं?"

हिरा दोरी हातात घेऊन एकेक गाठ सांगत गेली. पळस्पे, दुपार, रांग. शिरढोणजवळ, दुपार, रांग. सगळ्यांचं तेच. पोरीनं माझी गाडी चालू करून उन्हात उभी करायला लावली आणि एसी सोडला. आम्ही अर्धा तास उभे. मग बॉनेट उघडून तिनं ब्रेकला जोर देणारी रबराची नळी बोटांनी वाकवली. एका वळणावर बारीक चीर होती. गरम झाली की तोंड उघडायची, गार झाली की मिटायची. स्टँडवरच्या त्या चार गाड्याही बोलावून तिनं तशाच तापवून बघितल्या, चीर त्याच वळणावर. ओढून आणलेली गाडी गार असायची, म्हणून यांना चीर कधी दिसलीच नव्हती.

मॅनेजर म्हणाला, "वापरामुळे होऊ शकतं, मॅडम. चालवण्याची पद्धत..."

"पाच गाड्या, पाच ड्रायवर," हिरा म्हणाली, "आनि नली येकाच वळनावर फाटते? आमचे सगळे ड्रायवर आत शिरून तिथंच चावतात काय?"

ती पोरगी हसली. मग हसू आवरून कागदावर बरंच काही लिहिलं.

परवाना वाचला. काही महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं, त्या वेळी बनलेल्या तसल्या सगळ्या गाड्यांची नळी फुकट बदलून मिळेल म्हणून. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण पत्र मी एका दमात वाचून दाखवलं. 'ग्राहकांच्या समाधानासाठी खबरदारीची मोफत सेवा.'

"चुकलाव असा कुठं लिवलाय?"

"नाही लिहिलेलं."

"खाली बारीक अक्षरात बगा."

बघितलं. तिथेही नव्हतं. "लाज लिवायला येत नाय त्यांना," ती म्हणाली. "मनात असंल तं बरा."

पत्र खिशात घालून मी निघालो गजाभाऊला दाखवायला. बघ म्हणणार होतो, माझी चूक नव्हती. हिरा उंबऱ्यात आडवी. "दाखवा. पन ते दोन दिस आदीचा पन सांगा. तो लंगडतोय, पत्र नाय लंगडत."

गजाभाऊला सगळं सांगितलं. तो बराच वेळ फडक्यानं चरक पुसत राहिला. मग दोन ग्लास भरले. "प्या," म्हणाला. "गाडी मात्र लांब लावत जा." आजही मी तिथे गेलो की गाडी रस्त्यापलीकडे लावतो आणि चालत येतो. स्टँडवरच्या पोरांना मी आता डाग नसलेल्या परवान्याचं सांगत नाही. पेडल जरा वेगळं लागलं तर गाडी बाजूला घे, असं सांगतो. शिव्या घालून सांगतो.

गेल्या वर्षी हिराच्या छातीत दुखलं. हॉस्पिटलला मीच नेली, पहिल्यांदा मागच्या सीटवर आडवी घालून. डावी सीट रिकामी होती आणि माझं ब्रेकिंग चुकत होतं. कुठे आधी दाबत होतो, कुठे उशिरा. मागून आवाज आला, "हलू. मना घाई नाय."

तपासणीसाठी तिला खालच्या मजल्यावर न्यायचं होतं. वॉर्डबॉयनं स्ट्रेचर उतारावर सोडलं ते जरा जोरातच. तिचे डोळे मिटलेले होते, नाकाला नळी. चादरीखाली तिचा उजवा पाय हलला आणि टाच खाली दाबली गेली.

मी स्ट्रेचरचा दांडा धरला. "अरे हळू," मी त्याला म्हटलं, "बाईनं ब्रेक मारलाय."

त्यानं वेग कमी केला. तिचा पाय सैल झाला. उतार संपेपर्यंत मी दांडा सोडला नाही.